समोरच्या खोलीतला कम्प्युटर आणि मागच्या खोलीतली आई

घरातलं राबतं माणूस अंथरुणाला खिळलं की तुम्ही त्याच्यासाठी काय काय आणता? औषधं आणता, मोसंबी आणता, मऊ उशी आणता. त्याचं काम त्याच्या खाटेपाशी आणता का कधी?

आमच्या घरीही ते कुणाला सुचलं नव्हतं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुर्चीवर बसणं बंद. पाठीला आधार देऊन टेकता येईल, थोडं चालता येईल, पण खुर्ची नाही, निदान बरेच महिने नाही. डॉक्टरांनी हे अगदी सहज सांगितलं. आईचं निम्मं आयुष्य खुर्चीवर गेलंय हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

मोताळ्यातल्या आमच्या घराची समोरची खोली म्हणजे आईचं दुकान. एक जुना कम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेलं लाकडी बाकडं. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, दुकानांच्या जाहिराती हे सगळं ती करायची, पण तिची खरी ओळख पत्रकांसाठी. पंचक्रोशीत कुणाचं काही अडलं, पीकविमा आला नाही, अंगणवाडीच्या बायकांचं मानधन रखडलं, विजेचा डीपी जळून आठवडे झाले, की माणसं आईकडे यायची. कुणी लिहून आणायचं, कुणी नुसतंच रागावून यायचं. आई त्या रागाचं पत्रक करून द्यायची.

मी त्या पत्रकांवर वाढले. छपाईत बिघडलेल्या कागदांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. गणिताच्या वहीवर ‘चलो तहसील’ असायचं आणि भूगोलाच्या वहीवर ‘आता नाही तर कधी?’ मला वाचायला आलं ते त्या मोठ्या काळ्या अक्षरांतून. अन्याय हा शब्द मला ‘अननस’च्या आधी माहीत होता आणि याचा मला आजही अभिमान आहे.

आईचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं बाकड्यावर बसून, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ती छापत नसे. वाचता येत नसेल तर सोबत वाचणारं आणायचं. लोक वाचत जायचे, ती ऐकत ऐकत बदल करत जायची, पुन्हा वाचायला लावायची. घाईतली माणसं चिडायची. “बाई, छापून टाका ना, आमचा भरवसा आहे.” आई म्हणायची, “माह्यावर भरवसा ठेवू नका, तुमच्या तोंडावर ठेवा.”

ऑपरेशननंतर आई मागच्या खोलीत गेली आणि समोरच्या खोलीत धूळ बसायला लागली. भेटायला येणारे सगळे तेच बोलायचे. “आता आराम करा. खूप केलं.” बाबा कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कारकून आहेत, मनानं चांगले आहेत, पण त्यांना रिकामी जागा पाहवत नाही. एका दुपारी ते म्हणाले, “आता कोण पत्रक छापते? सगळं मोबाईलवर येते. त्या खोलीत सोयाबीनचे कट्टे ठेवता येतील.” कट्टे म्हणजे आमच्याकडे पोती.

मी भडकायची तयारी केली होती. पण त्याआधीच आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “ठेवा.”

आईनं आयुष्यात कुणालाही एका शब्दात सोडलं नव्हतं. रेशनवाल्यालाही नाही. तिचं ते एका शब्दातलं उत्तर ऐकून मी घाबरले. तिची पाठ डॉक्टर बरी करतील. तिला पुन्हा बोलतं करणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

कम्प्युटरच उचलून मागच्या खोलीत न्यावा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. आई म्हणाली, “मंग गिऱ्हाईक काय माह्या उशाशी बसवशील?” मागच्या खोलीत जायला स्वयंपाकघरातून जावं लागतं. शिवाय तो कम्प्युटर जुना. आईचं जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच्याच मागे लावलेल्या एका बोटभर तुकड्यावर, डोंगलवर, चालतं. तो तुकडा माझ्या लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप त्याला ओळखही दाखवत नाही. म्हणजे यंत्र तिथंच राहणार, आई इथंच राहणार. मधे एक स्वयंपाकघर आणि दोन भिंती.

तेव्हा मी ठरवलं की यंत्राला आईपाशी आणता येत नाही तर त्याचा पडदा आणायचा. माझ्या लॅपटॉपवरून समोरच्या खोलीतला कम्प्युटर चालवायचा. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मोठ्या कंपन्यांतली माणसं घरी बसून ऑफिसचं काम करतात ते यावरच. त्यांना जमतं तर मोताळ्यातल्या आईला का जमू नये?

आधी काहीच जमलं नाही.

समोरच्या कम्प्युटरवर रिमोटची परवानगी चालू केली, त्याचा आयपी पत्ता पाहून घेतला, म्हणजे घरातल्या जाळ्यात त्या यंत्राचा जो नंबर असतो तो. मागच्या खोलीत येऊन लॅपटॉपवर तो नंबर टाकला. थोडा वेळ पडद्यावर चकती गोल गोल फिरली आणि उत्तर आलं, जोडता येत नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मी तीनदा स्वयंपाकघरातून पळत समोर गेले. तिसऱ्यांदा पाहते तर कम्प्युटरच बंद.

“बाबा, कम्प्युटर कोणी बंद केला?”

“मीच केला. खोलीत कोणी नव्हतं. मेन बटणच बंद केलं.”

“अहो, कोणी नसतानाच तर तो चालू पाहिजे!”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ऑपरेशन माझंच झालंय. आमच्या घरात रिकाम्या खोलीतलं बटण बंद करणं हा संस्कार आहे. बाबा पंख्याला, दिव्याला, टीव्हीला एकाच न्यायानं वागवतात. त्यांना पटवायला मला एक अख्खा चहा लागला. शेवटी मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

पण कम्प्युटर चालू राहूनही जोडणी होईना. मी लॅपटॉपवरून त्या नंबराला साधी हाक मारून पाहिली. याला पिंग म्हणतात. दारावर टकटक करून आत कुणी आहे का पाहावं तसं. आतून उत्तर नाही. म्हणजे प्रश्न सेटिंगचा नव्हताच. दोघं एकमेकांना ऐकूच येत नव्हते. एका घरात, एका राउटरवर असून?

एका राउटरवर नव्हतेच. हे लक्षात आलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. आमचं राउटर समोर, मागच्या खोलीत त्याची रेंज मरतुकडी. आणि मागच्या भिंतीला लागून शेजारच्या काकूंचं घर. गेल्या हळदीकुंकवाला आईनं काकूंची आमंत्रणं छापून दिली, आणि काकूंनी आईला त्यांचा वायफाय देऊन टाकला. आमच्याकडं असंच चालतं. वाटीला वाटी परत जाते, ती रिकामी जात नाही. माझा लॅपटॉप मागच्या खोलीत शिरला की आपणहून काकूंच्या वायफायला जाऊन चिकटायचा. मी आईच्या खाटेवर बसून काकूंच्या घरात होते.

आईला सांगितलं तर पहिल्यांदाच तिच्या ओठांचा कोपरा हलला. “म्हणजे तू माहेरी बसून सासरचा दरवाजा वाजवून राह्यली होती?”

काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, “काय झालं वं? आमचं वायफाय खराब आहे काय?”

“नाही काकू, लय चांगलं आहे, हेच झालं!”

मी लॅपटॉपला काकूंचा वायफाय विसरायला लावला आणि समोरच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबल ओढली. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून, मसाल्याच्या डब्यांमागून, कुरडया वाळवायच्या दोरीला बांधत बांधत. बाबांनी स्टूल धरलं. दोन्ही यंत्रं आता एका घरात आली. पिंगला उत्तर मात्र अजूनही नाही.

आता अडसर फायरवॉलचा, म्हणजे कम्प्युटरच्या राखणदाराचा होता. समोरच्या कम्प्युटरनं आमच्या घरच्या जोडणीला ‘सार्वजनिक’ समजून ठेवलं होतं, बसस्टँडवर असावी तशी. सार्वजनिक जागी तो कुणालाच दार उघडत नाही. ते बदलून ‘खासगी’ करायचं होतं. मी क्षणभर माउस धरून बसले. शाळा, दवाखाने, पाणी, बस सार्वजनिक राहावी म्हणून या बाकड्यावर किती पत्रकं वाचली गेली असतील, आणि मी आपल्या हातानं ‘खासगी’वर टिचकी मारत होते. मारली. पिंगला उत्तर आलं. तत्त्वं आपल्या जागी, फायरवॉल आपल्या जागी.

तरीही यंत्र आत घेईना. आता ते म्हणत होतं, या खात्याला पासवर्ड नाही, रिकाम्या पासवर्डनं दुरून येता येणार नाही.

पासवर्ड नव्हताच. आईनं कधी ठेवू दिला नव्हता. ती पोळ्या करत असली तर अंगणवाडीच्या ताई स्वतः कम्प्युटर चालू करून मागचं पत्रक उघडून वाचत बसायच्या. कुणीही यावं, आपला मजकूर पाहावा. मी पासवर्डचं काढताच आई ताडकन म्हणाली, “आपल्या घरी कुलूप कायले पाहिजे? लोकायच्या गोष्टी आहेत त्यात. त्यायच्याच आहेत.”

“आई, कुलूप लोकांसाठी नाही. यंत्र म्हणतंय की दुरून येणारानं आपण कोण ते सांगावं.”

“मंग मी सांगतो ना, मी आहो म्हणून.” आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल बोलताना ‘सांगतो’ म्हणतात; पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना हे ऐकून हसू येतं. येऊ दे.

“तेच सांगायचं तर पासवर्ड लागतो.”

ती छताकडे पाहत म्हणाली, “ठेव. पण जो बाकड्यावर येईल त्याले सांगून दे.” असा पासवर्ड जगात कुठं नसेल. मी ठेवला. त्या संध्याकाळी दिवेलागणीला लॅपटॉपवर समोरच्या कम्प्युटरचा पडदा उगवला. तोच निळा रंग, तीच फोल्डरं, कोपऱ्यात आईनं कधीतरी ठेवलेला माझ्या शाळेतला फोटो. मी समोरचा कीबोर्ड आणून आईच्या मांडीवर ठेवला. तिच्या बोटांना तोच सवयीचा. तिनं एक ओळ टाइप केली. पुसली. पुन्हा केली. मी जिंकले असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. बाजाराचा दिवस होता. जवळच्या खेड्यातली एक बाई, बचत गटाची अध्यक्ष, सोबत गटातल्या दोघी. त्यांच्या गावची संध्याकाळची बस बंद झाली होती. कॉलेजला मोताळ्यात येणाऱ्या मुली अंधार पडताना पायी घरी जात होत्या, आणि त्यांतल्या दोन मुलींच्या घरच्यांनी कॉलेज सोडवायची भाषा सुरू केली होती. डेपोवर मोर्चा न्यायचा होता, त्यासाठी पत्रक हवं होतं.

मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “आई मागून टाइप करते. तुम्ही इथं पाहा.” मागे जाऊन जोडणी केली. समोरून अध्यक्षबाईंचा आवाज आला.

“ओ ताई, इथी तं टीव्ही गेला!”

मी धावले. समोरच्या पडद्यावर नुसतं कुलूप आणि पासवर्डची चौकट. तेव्हा मला कळलं की ही जोडणी अशीच असते. दुरून एकजण आत शिरला की जागेवरचा पडदा मिटतो. एका वेळी एकच माणूस. ऑफिसात बॉसला हेच हवं असतं. आमच्या बाकड्याला नको होतं.

“काही हरकत नाही,” मी म्हटलं. “आई टाइप करेल, मी प्रिंट काढून आणते, तुम्ही कागदावर वाचा.”

आईनं मागच्या खोलीतून ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा तिनं कीबोर्ड मांडीवरून बाजूला काढला होता.

“असं नाई जमणार.”

“का नाही? वाचायचंच आहे ना?”

“कागद एकदा छापला की माणूस लाजते. म्हणते, आता एवढं छापलं, असू द्या. पडद्यावर असलं की म्हणते, नाही बाई, असं नाही, तसं. त्यायच्या डोळ्यासमोर बदललं पाहिजे. नाहीतर थे माह्यं पत्रक होते, त्यायचं नाई.” आणि पुन्हा भिंतीकडे वळत म्हणाली, “राहू दे. त्यायले दुसऱ्या दुकानात पाठव. सोयाबीन ठेवा.”

ती रुसली नव्हती. ती बरोबर होती, आणि ते जास्त वाईट होतं. जे काम तिच्या रीतीनं होणार नाही ते तिला अंथरुणावर आणून देण्यात अर्थ नव्हता. मी तिला तिचं काम दिलंच नव्हतं, फक्त टायपिंग दिलं होतं. तिच्या हाताला काहीतरी चाळा दिला होता. आजारी माणसाला आपण लोकरीचे गुंडे देतो तसा.

मी समोर आले तर अध्यक्षबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं आता निघावं लागणार. मी म्हटलं, “बाजार करून या. मोर्चा तुमचा आहे, पत्रक इथंच होईल.” कशाच्या जोरावर म्हटलं, मलाही माहीत नव्हतं.

बाकड्यावर बसून मी शोधायला लागले. थोड्या वेळानं सापडलं ते इतकं सोपं होतं की राग आला. जोडणीची दुसरी एक जात असते. तिच्यात दुरून येणारा वेगळा शिरत नाही. समोर जो पडदा आहे तोच त्यालाही दिसतो. दोघांचा एकच पडदा, एकच बाण, दोघांच्याही हातात. शाळेतल्या कम्प्युटरच्या बाई मुलांना शिकवताना वापरतात तीच. फुकट मिळते. समोरच्या यंत्रावर एक भाग टाकायचा, लॅपटॉपवर दुसरा. वायफायवर तिचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी आलं असतं, पण कुरडयांच्या दोरीवरची केबल होती. फायरवॉलनं पुन्हा विचारलं, आत घेऊ का? घे, म्हटलं. राउटरमध्ये समोरच्या कम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून टाकला, कारण आमच्याकडे लाईट गेली की राउटर झोपतं आणि उठल्यावर प्रत्येकाला नवा नंबर वाटत बसतं.

जोडलं. मागं पाहिलं, पडदा आहे. पुढं पाहिलं, पडदा आहे.

बायका पिशव्या घेऊन परत आल्या. बाबा समोरच्या खोलीतल्या बटणापाशी पहारेकऱ्यासारखे उभे होते. मी आईला म्हटलं, “एकदाच. नाही जमलं तर कट्टे मी स्वतः रचते.”

समोरचा बाण आपोआप हलला आणि गटातली एक बाई किंचाळली. “बाप्पा! भूत लागलं काय याले?”

मागून आईचा आवाज आला. “भूत नाई, मीच आहो वं. वाचा.”

बायका हसत सुटल्या. मग अध्यक्षबाईंनी वाचायला सुरुवात केली. मजकूर त्यांनी कुठल्याशा शिकलेल्या माणसाकडून लिहून आणला होता; मी तो टाइप करून ठेवला होता. “आम्ही खाली सही करणाऱ्या महिला आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की, विद्यार्थिनींच्या गैरसोयीचा सहानुभूतीपूर्वक...” इथं त्या अडखळल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळल्या.

मी आईपाशी होते. ती डोळे मिटून ऐकत होती, मान थोडी भिंतीकडे, पण आता कान तिकडे म्हणून. दोन भिंतींमधून येणाऱ्या आवाजात कुठं जीव आहे आणि कुठं नाही हे तिला कळत होतं.

“थांबा,” ती ओरडली. “थे तुमचं बोलणं नाई. तुम्ही घरी कशा म्हणता?”

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, “घरी तं आम्ही म्हणतो, आमच्या पोरी अंधारात पायी येऊन राह्यल्या. तुमची पोरगी असती तं चाललं असतं काय?”

“अन् जिचं कॉलेज सोडवून राह्यले, तिचं काय म्हणता?”

“तिचा बाप म्हणते, आता पुरे झालं शिक्षण.” आवाज चढला होता. “काऊन पुरे? बस बंद तुम्ही करता, अन् शिक्षण पुरे आमच्या पोरीचं?”

आईची बोटं चालू झाली होती. समोरच्या पडद्यावर ‘सहानुभूतीपूर्वक’ अक्षर-अक्षर मागे जाऊन नाहीसं झालं, आणि त्या जागी त्यांचं वाक्य येत गेलं. मी समोरच्या खोलीच्या दारात जाऊन पाहत होते. तिघी बायका पडद्याकडे वाकल्या होत्या. आपलंच बोलणं एवढ्या मोठ्या काळ्या अक्षरांत पाहून एकीनं पदर तोंडाला लावला.

“वाचा आता,” आई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी वाचलं, एकदाही न अडखळता. शेवटच्या ओळीला बाबाही पुटपुटत होते. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “बाई, वरती अजून मोठं करा. अन् बसची वेळ टाका.” आईनं केलं. “आता उजवीकडे घ्या जरा.” आईनं घेतलं. “नाही, पहिलंच बरं होतं.” आई करवादली, “आधी ठरवा वं!” ती करवादली हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी काहीतरी बोलायला मागे जाऊन तिच्या खाटेवर बसले.

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “तू काऊन बसली इथी? उजेड अडवून राह्यली. जाय, काम करू दे मले.”

मी उठले.

मोर्चा निघाला. डेपोतल्या साहेबांनी बसचं पाहतो म्हटलं आहे, बस अजून सुरू झालेली नाही. आईची पाठ अजून दुखते. पुढचं पत्रक तयार होतंय, त्यात भाषा जास्त कडक आहे. बाबा सोयाबीनच्या कट्ट्यांसाठी जिन्याखाली जागा करत आहेत. बाकड्यावर आता लोक येतात आणि भिंतीला विचारतात, “बाई, कशा आहात?” भिंत म्हणते, “वाचा.”

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असं एखादं माणूस नक्की आहे ज्याचं काम एका खोलीत राहिलंय आणि ते स्वतः दुसऱ्या खोलीत पडून आहे. या रविवारी त्याच्याकडे जा. त्याला तब्येत विचारायच्या आधी विचारा की तुझं काम तू नेमकं कसं करायचास, कुणाच्या समोर, कुणाशी बोलत. ते पूर्ण ऐकून घ्या, आणि मगच केबल ओढा. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर आहेत का ते पाहा, खात्याला पासवर्ड द्या, नंबर बांधून ठेवा. अडलं तर गल्लीत कम्प्युटर शिकलेलं कुणीतरी असतंच, त्याला हाताला धरून आणा. आणि जोडणी झाली, त्या माणसाचा हात कामाला लागला, की कौतुक करत तिथं बसू नका. उठा आणि त्याचा उजेड सोडा.